नोंदवहीतलं त्रेसष्टावं पान

४ जून

काटेकोरबाई,

मामाच्या चिमट्यावर स्टिकर बसलं, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. वेळ तुला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक, रजिस्टरात तूच लिहिलीस: एकोणीस मार्च, अकरा वाजून दहा मिनिटं. वस्तू कोणती? तर कपडे वाळत घालायचा निळा प्लास्टिकचा चिमटा. मामीच्या गॅलरीतल्या दोरीवरचा, डझनातला एक. त्याच्यावर 'विद्यापीठाची मालमत्ता' आणि खाली नऊ आकडी नंबर! स्टिकर चिमट्यापेक्षा मोठं, म्हणून तुमच्या पेटंट कक्षाच्या प्रमुखांनी ते दुमडून दोन्हीकडून चिकटवलं. आणि नंबर खणखणीत आवाजात कुणी वाचून दाखवला? तू. माझ्याकडे एकदाही न बघता.

पुढचं अख्ख्या कॉलेजला माहीत आहे. मी तडक कुलसचिवांच्या केबिनमध्ये घुसलो. काय बोललो ते मला आठवत नाही, बाकी सगळ्यांना शब्दन् शब्द आठवतो. मग ओळखपत्र फाडून त्यांच्या टेबलावर टाकलं. फाडून म्हणजे, ते फाटेना. प्लास्टिकचं. दातांनी पाहिलं, तरी नाही. शेवटी त्यांच्याच कात्रीने कापलं. तिसरं वर्ष अर्ध्यावर सोडण्याचा इतका हास्यास्पद प्रकार त्या इमारतीत आधी झाला नसेल. घरी मामाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कात्री निदान मागून घेतलीस ना?"

अडीच महिने तुझ्याशी बोललो नाही. आज लिहितोय ते प्रेमाने नाही, कामाने. (हे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय. राहू दे.)

मामाने तुमच्या पेटंट कक्षाविरुद्ध अर्ज केलाय. एक जुलैला तीन जणांच्या समितीपुढे सुनावणी आहे. तुमचा तो नियम सात मला आता झोपेतही म्हणता येतो: शिक्षकाने विद्यापीठाचा वेळ, जागा किंवा कोणतंही उपकरण वापरून जे शोधलं ते विद्यापीठाचं, रजेवर असताना, स्वतःच्या घरी, स्वतःच्या साधनांनी शोधलं तर ते त्याचं. मामा ऑक्टोबरात रजेवर होता, मामीच्या ऑपरेशनसाठी. सलाईनची नळी आपोआप मिटवणारा हा चिमटा त्याने घरी केला. कोण म्हणतं? मामा म्हणतो, मामी म्हणते, मी म्हणतो. कक्षप्रमुख म्हणतात, "घरच्यांचं सोडा. कागद दाखवा."

कागद आहे. मामाच्या नोंदवहीचं पान त्रेसष्ट. वही बासष्टवरून उडी मारून पासष्टवर जाते, आणि मधलं पान कुठे आहे ते जगात दोघांनाच माहीत आहे.

मामाला यातून काही कमवायचं नाही, हे तुला सांगायला हवं का? त्याला दोन पानांचं चित्र करून छोट्या दवाखान्यांना फुकट पाठवायचंय: करा, वापरा. विद्यापीठाला ते एकाच कंपनीला द्यायचंय, आणि तिने केलं तर केलं, नाहीतर कपाटात. म्हणून ते पान हवं. पाठवून दे. पत्र नको, नुसतं पान.

तुझा (खोडलं)
शिट्टी


११ जून

काटेकोरबाई,

उत्तर नाही. छान. तुमच्या कक्षात अर्जाला उत्तर द्यायची मुदत पंचेचाळीस दिवस आहे, पण मी अर्ज केला नव्हता, मी पत्र लिहिलं होतं.

बहुतेक तुला आठवत नसेल त्या पानावर काय आहे. मी आठवण करून देतो.

मामी ऑपरेशन होऊन घरी आलेली. दुपारी तिला सलाईन लावलेलं आणि बाटलीवर लक्ष ठेवायला मामा खुर्चीत. प्रोफेसरसाहेबांना डुलकी लागली. बाटली संपली आणि नळीतून रक्त उलटं वर चढायला लागलं. मामीने उशी फेकून मारली. "पस्तीस वर्षं नळ्यांतून पाणी कसं वाहतं ते शिकवलंत, आणि बायकोच्या नळीत काय चाललंय ते दिसेना!" नर्स येऊन गेली, सगळं ठीक झालं, आणि मामा स्वयंपाकघरात जाऊन बसला तो थेट संध्याकाळपर्यंत. मी गेलो तर ओट्यावर दोरी, मोकळी बाटली आणि चिमटा. बाटली भरलेली असली की तिच्या वजनाने चिमट्याचं तोंड उघडं राहतं, नळी मोकळी. बाटली हलकी होत जाते आणि एका क्षणी चिमटा स्वतःच मिटतो, नळी आवळली जाते, रक्त वर येत नाही. वीज नको, घंटी नको, जागं राहणारा नवरा नको. बस. इतकं सोपं की मला हसू आलं. मामाला आलं नाही. त्याचे डोळे भरले होते.

मग नेहमीचं: "सुचलं ते वहीत. आत्ताच्या आत्ता." मी लिहिलं. तारीख, वेळ, 'सर रजेवर, राहत्या घरी, स्वयंपाकघर', चित्र, 'ब्याण्णव ग्रॅमला चिमटा मिटला'. छोटा वजनकाटा माझ्याकडे होता, त्यामुळे आकडा पक्का. दुसऱ्या दिवशी मामाच्या लॅबमध्ये तू वाचून खाली साक्षीदार म्हणून सही केलीस. तेव्हा तू कक्षात नव्हतीस, एम.टेक.चा प्रबंध संपवत होतीस आणि लॅबच्या कपाटांच्या किल्ल्या तुझ्या कमरेला असत. खालची अर्धी जागा कोरी राहिली होती. नियम असा की कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारायची, नंतर कुणी काही घुसडू नये म्हणून. ते तू मला शंभर वेळा शिकवलंस.

आणि मी त्या जागेत काय केलं? तुला आठ ओळी लिहिल्या. पेनाने. पानं मोजलेल्या, दोरीने शिवलेल्या नोंदवहीत!

तू वाचलंस आणि पांढरीफटक पडलीस. "अरे, ही वही तपासायला जाते!" म्हणालीस. मी म्हटलं, मग जाऊच नये, आणि टर्रकन पान फाडून तुझ्या पिशवीत कोंबलं. त्या वेळी मला ते फार शूरपणाचं वाटलं होतं. आता रोज सकाळी उठलो की आधी स्वतःला एक शिवी घालतो.

हसतील मला. हसू देत. त्या आठ ओळी पूर्ण समितीपुढे लाउडस्पीकरवर वाचल्या तरी चालतील. नेमकं काय लिहिलं होतं ते मला आता आठवतही नाही, काहीतरी बावळटच असणार. तू फक्त पान दे.

शिट्टी


१६ जून

तू काल दुकानात आलीस, म्हणजे पत्रं पोचतात.

मी गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करतो हे तुला कुणी सांगितलं? की खरंच फायलीच्या प्रती काढायला आली होतीस? मालक समोर होता म्हणून मी तुला "बोला मॅडम" म्हटलं. घरी आल्यावर त्या 'मॅडम'वर दीड तास चिडलो.

आपलं बोलणं मी इथे लिहून काढतो, कारण मी ते काल रात्रभर घोळवलं आणि आज तरी डोक्यातून खाली उतरायला हवं.

तू: "तीन प्रती. पाठपोट."

मी: "पान कुठाय?"

तू: "आहे."

मी: "मग दे की!"

तू: "हळू बोल. ते पान विसर. मामांना सांग, त्याच्याशिवाय लढा. रजेचा अर्ज आहे, मामींचे दवाखान्याचे कागद आहेत, नर्स येऊन सांगेल. एवढ्यावर होऊ शकतं."

मी: "होऊ शकतं, म्हणजे नाहीही होऊ शकत."

तू: "पान आलं तर नक्की नाही होणार."

मी: "का?"

तू: "शिट्टी, एकदा, आयुष्यात एकदा, का न विचारता माझं ऐक."

मी: "का?"

त्यावर तुझ्या ओठांचा कोपरा हलला. मी शपथेवर सांगतो, हलला. आणि तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "जुलैत नोकरी कायम व्हायचीय ना तुझी? फाडलेलं पान सापडलं तर कक्षप्रमुख काय म्हणतील, हेच ना?"

तू प्रती उचलल्यास, कोपरे जुळवलेस, टाचणी मारलीस. जाताना म्हणालीस, "तू मशीनमध्ये कागद उलटा घातलायस."

घातलाच होता. पुढचे सव्वाशे कागद वाया गेले.

मला कळत नाही, काटेकोरबाई, तू नेमकी कुणाच्या बाजूची आहेस? मामाने तुला तीन वर्षं हाताला धरून शिकवलं. मामी तुझ्यासाठी वेगळा कप ठेवते, अजून ठेवते, मी हात लावला तर ओरडते. आणि तू त्यांच्या घरातलं खरं एका पानात दडपून बसलीयस. एक कायम नोकरी एवढी मोठी असते?

माझंही सांगून टाकतो. मामाने कुलगुरूंच्या हातापाया पडून माझ्या पुन्हा प्रवेशाचा अर्ज भरलाय. जुलैतच निकाल. म्हणजे मलाही गप्प राहण्यात फायदा आहे. तरी मी राहतोय का गप्प?


२३ जून

मी ते केलं. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

सकाळी समितीला अर्ज दिला: पान त्रेसष्ट अस्तित्वात आहे, पेटंट कक्षातल्या सहायकाकडे आहे, ते हजर करायला सांगावं. खाली सही. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का.

घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मामा चष्मा पुसत राहिला. मामी भाजी निवडत होती, तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"तिला विचारलंस?"

"ती ऐकत नाही, मामी."

"ती ऐकत नाही, की तू? पोरगी उगाच नाही म्हणणारी नाही. तिचं काहीतरी म्हणणं असेल."

"तिची नोकरी, दुसरं काय!"

"नोकरी असली म्हणून काय झालं? गेली तर तिची जाईल, तुझी नाही." आणि मामाकडे वळून, "तुम्ही तरी बोला. भाचा कुणाचा?"

मामा म्हणाला, "पान खरं असेल तर खऱ्याला कशाला घाबरायचं?" तो खरंच असा विचार करतो. एकसष्टाव्या वर्षी. मला कधीकधी त्याला गदागदा हलवावंसं वाटतं.

पण मामीचं ते बोलणं मनात रुतलं. दुपारी परत गेलो, अर्ज मागे मिळेल का विचारायला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आवक नंबर पडला. आता ते पत्र तुमचं नाही, आमचं." मी म्हटलं, मीच लिहिलंय ना? त्या म्हणाल्या, "लिहिलं तुम्ही हो. पण दिलंत ना?"

या जागेत एकदा दिलेलं काही परत मिळतं का गं?


२ जुलै

तुला बाहेर जायला सांगितल्यावर आत काय झालं, ते तुला कळायला हवं. म्हणून लिहितोय. उत्तर मागत नाही.

तू असेपर्यंतचं तुला माहीत आहे. तरी मी पुन्हा लिहितो, कारण मी ते नीट पाहिलं का याची मला खात्री नाही. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मधे अध्यक्षबाई, कायद्याच्या जुन्या प्राध्यापक. मामाने उभं राहून शपथेवर सांगितलं, "विद्यापीठाची एक टाचणीसुद्धा वापरलेली नाही." ताठ मानेने. मग तू प्लास्टिकच्या पाकिटातून पान काढलंस. नऊ महिन्यांत त्याला एक नवी घडीही पडली नव्हती. अध्यक्षबाईंनी वरचा भाग वाचला, मान हलवली. तारीख, रजा, घर, तुझी सही. मामा माझ्याकडे बघून हसला. मी तुझ्याकडे असं बघितलं, की बघ! म्हटलं नव्हतं?

तू टेबलाकडे बघत होतीस.

"खाली आणखी काही मजकूर आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि विजेचं बिल वाचावं तशा आवाजात वाचायला लागल्या.

"आज रेघ मारणार नाही. काल तुझ्या कपाटातला छोटा काटा तुला न सांगता खिशात घालून मामाकडे नेला. त्याच्या तळाला तू तुझ्या अक्षरात लॅबचा नंबर लिहिला आहेस, तो मी दिवसभर अंगठ्याने चाचपत होतो. मामाने विचारलं, काटा कुणाचा? मी म्हटलं, माझा. खोटं बोलून इतकं बरं आधी कधी वाटलं नव्हतं. तुझी एक वस्तू एक दिवस माझी होती."

पुढच्या ओळी त्यांनी वाचल्या नाहीत. चष्मा वर केला.

काटा नेला होता हे मी विसरलो नव्हतो. ते लिहून ठेवलं होतं हे मात्र साफ विसरलो होतो. आणि एका दिवसाच्या काट्याने कुणाचं काय बिघडतं, असं मला खरंच वाटायचं. नियमात 'कोणतंही उपकरण' म्हटलंय. मला तो झोपेत पाठ आहे! पाठ असण्याचा आणि कळण्याचा काही संबंध नसतो, हे मला काल कळलं.

मग त्यांनी तुला विचारलं, हे अक्षर कुणाचं? आणि तू, जी स्वल्पविरामसुद्धा चुकीचा पडू देत नाहीस, ती म्हणालीस, "खालचा मजकूर कुणी लिहिला ते मी खात्रीने सांगू शकत नाही."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. तू नोकरी वाचवत नव्हतीस. तू पान ठेवलंस ते मामाचा चिमटा वाचावा म्हणून, मी चोर ठरू नये म्हणून. आणि मला सांगितलं का नाहीस? कारण मी मामाला सांगितलं असतं, आणि मामा तडक जाऊन समितीला सांगून आला असता. तू आम्हा दोघांनाही पुरती ओळखतेस. सगळं एकटीने सांभाळलंस, आणि मी अर्ज करून, शिक्का मारून घेऊन, ते उधळून लावलं.

"मी लिहिलं," मी म्हणालो.

यावर कक्षप्रमुखांनी तुला बाहेर बसायला सांगितलं. तू माझ्या खुर्चीमागून गेलीस. थांबलीस की नाही, मला कळलं नाही. वळून बघायची हिंमत झाली नाही.

आता पुढचं, जे तू पाहिलं नाहीस.

मामा माझ्याकडे वळला. "काटा तुझा म्हणाला होतास."

"हो."

"मी विचारलं होतं."

"हो मामा."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने खिशातून ते दोन पानांचं चित्र काढलं, दवाखान्यांना पाठवायचं, आणि टेबलावर ठेवलं. "मी आत्ता शपथेवर सांगितलं ते खरं नव्हतं," तो अध्यक्षबाईंना म्हणाला. "मला माहीत नव्हतं, पण खरं नव्हतं. ब्याण्णव ग्रॅम हा आकडा मला त्या काट्याने दिला. दावा मागे घेतो." अध्यक्षबाई म्हणाल्या, "सर, घाई करू नका, काटा फक्त मोजायला वापरला, यावर युक्तिवाद होऊ शकतो." मामा म्हणाला, "होऊ शकतो. मी करणार नाही." आणि बसला.

तिथे मी त्याला गदागदा हलवायला हवं होतं. नाही हलवलं. पहिल्यांदाच त्याच्यापुढे मला माझा राग लाजिरवाणा वाटला.

संपलं होतं. शोधक म्हणून मामाचं नाव राहील, चिमटा विद्यापीठाचा, आणि विद्यापीठ तो त्या कंपनीला देणार. कक्षप्रमुखांनी फाईल मिटायच्या आधी म्हटलं, "आता सहायकांनी कागद दडवल्याचा मुद्दा घेऊ." अगदी सहज. चहा मागवावा तसं.

मी उभा राहिलो. कक्षप्रमुख म्हणाले, "तुम्ही कोण? तुम्ही इथले विद्यार्थीही नाही."

मी ओरडलो नाही. लिहून ठेव, तारखेसकट. मी म्हणालो, "पान मी फाडलं. तिच्या पिशवीत मी घातलं, ती नको म्हणत असताना. तेव्हा ती कक्षात नव्हती, विद्यार्थिनी होती. तिच्याकडे आला तो तुमचा कागद नव्हता. ते तिला आलेलं पत्र होतं, आणि आलेलं पत्र दाखवायचं की नाही हे तिचं ती ठरवणार. दडवलं असेल तर मी, काटाही मी."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "काटा नेल्याचं लिहून द्याल? त्याचा तुमच्या पुन्हा प्रवेशावर काय परिणाम होईल, कल्पना आहे?"

"आहे."

"तरी?"

"कागद द्या."

सहा ओळी लिहिल्या. खाली अर्धं पान कोरं उरलं, त्यावर तिरकी रेघ मारली आणि सही केली. अध्यक्षबाईंनी वाचून लेखनिकाला सांगितलं, "नोंद करा. सदर पान सहायकांकडे नोकरीआधी, खासगीरीत्या आलं. त्यांच्याविरुद्ध मुद्दा उरत नाही." कक्षप्रमुखांनी फाईल मिटली. एवढं एक काल तिथे बरोबर झालं.

मी म्हटलं, "ते पान तिला परत द्याल?"

"ते आता फायलीत राहील."

"वरचा भाग ठेवा. खालचा तिचा आहे."

"पान कापता येत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात विजेचं बिल नव्हतं. "तुम्ही या आता."

मामा माझ्याकडे बघत नव्हता. तो टेबलावरच्या त्या चित्राची घडी पुन्हा पुन्हा नीट करत होता, आणि कुणी ते उचलून घेत नव्हतं. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. हात तिथपर्यंत गेला आणि मी खुर्चीची पाठच धरली. मग वळलो.

त्या खोलीच्या दाराला वर तो लोखंडी दांडा आहे, दार आपोआप, अगदी सावकाश मिटवणारा. आपटायची सोयच ठेवलेली नाही. मी बाहेर आलो, बाकावर तू नव्हतीस. दाराची मूठ धरली, आणि कडी बसल्याचा आवाज येईपर्यंत दार स्वतःच्या हाताने ओढून लावलं.